उपवासाच्या दिवशी सुईला सुट्टी

माणूस कळता कधी होतो असं मला कोणी विचारलं तर मी सांगते, शारजात, सहासष्टाव्या वर्षी. त्याआधी माझं लग्न झालं, दोन मुलगे झाले, सुना आल्या, नवरा गेला, आणि तरी मी कळती झाले नव्हते. लोक आपल्या लहानपणावर पानंच्या पानं भरतात. माझं लहानपण चौथीच्या परीक्षेपाशी संपलं आणि त्यात लिहिण्यासारखं काही घडलं नाही. शेण काढलं, पाणी भरलं, भात लावला, झालं. वाढणं म्हणतात ते माझं तिथल्या रोल्ला भागातल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर झालं, आणि तेही इन्शुलिनच्या सुईपायी. म्हणून हे प्रकरण तिथून सुरू करते.

घर धाकट्या संजूचं. तो अल कुसैसला गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये सुपरवायझर. सून स्मिता अल मजाजला एका ऑफिसात. नात रिया अकरा वर्षांची. तिला मराठीत काही विचारलं की ती इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि मला उत्तर कळलं नाही की तेच उत्तर इंग्रजीतच मोठ्या आवाजात द्यायची. दोन खोल्या, एक हॉल, आणि स्वयंपाकघर एवढंसं की मी आणि स्मिता दोघी आत असलो तर एकीने श्वास सोडल्यावर दुसरीने घ्यायचा. लिफ्ट प्रत्येक मजल्यावर आधी अरबीत आणि मग इंग्रजीत बोलायची. दोन मशिदींची अजान अर्ध्या श्वासाच्या अंतराने यायची. खालच्या कॅफेटेरियात केरळचा एक माणूस पहाटेपासून पराठे आपटायचा, त्या आवाजावर मी वेळ ओळखायचे. सगळे कामाला गेले की घर माझं. मी तांदळाची भाकरी भाजायचे, सुरमईचं तिखलं करायचे, गावाहून आणलेल्या कुळथाची पिठी करायचे. संजू मात्र मटकीची उसळ बेकरीतल्या गरम खुब्जबरोबर खायचा. खुब्ज म्हणजे त्यांची ती परातीएवढी रोटी. मी नाक मुरडायचे. आता मीही तशीच खाते, पण तेव्हा मुरडायचे.

साखर मला नवरा असल्यापासूनची. गोळ्या चालू होत्या. शारजात आल्यावर वर्षभरात गोळ्यांनी हात टेकले आणि डॉक्टरांनी इन्शुलिन सांगितलं. डॉक्टर इजिप्तचे. त्यांचं इंग्रजी स्मिताला अर्धं कळायचं, आणि ती मला सांगायची त्यातलं मला अर्धं, म्हणजे माझ्यापर्यंत चार आणे पोचायचे. समजावून सांगायचं काम सिस्टर शीबाचं. ती मल्याळी, हिंदी बोलायची. तिने मला पेनासारखं एक यंत्र दिलं. मागची चकती फिरवली की टक टक वाजतं. चौदा टक म्हणजे चौदा युनिट. पोटाला टोचायचं, दाबायचं, दहा आकडे मोजायचे, काढायचं. "अम्मा, ये लंबा वाला है," ती म्हणाली, "एक बार लगाया तो चौबीस घंटा धीरे धीरे काम करेगा. रोज एक टाइम." मी मान हलवली. मान हलवणं मला चांगलं येतं. नवऱ्यासमोर चाळीस वर्षं मी तेच केलं होतं.

संध्याकाळी सात वाजता देवाजवळ दिवा लावायचा आणि मग सुई, असं मी ठरवून टाकलं. टक टक आवाज मला आवडायचा. पहिला महिना मी शेजारच्या बायकांना बोलावून दाखवलं.

आता माझी अक्कल ऐका. सोमवार माझा लग्नाआधीपासूनचा. दोन एकादश्या, एक संकष्टी. महिन्याला सात उपवास. उपवासाच्या दिवशी मी सुई घेत नव्हते. मला त्यात काही चूक वाटली नाही, उलट शहाणपण वाटलं. इन्शुलिन साखर खातं एवढं मला कळलं होतं. मग ज्या दिवशी माणूस जेवतच नाही त्या दिवशी ते बिचारं खाणार काय? शिवाय उपवासाला अंगात काही टोचून घालायचं हे बरं दिसत नाही. जेवणात मीठ घालतो ते जेवण असेल तर. रिकाम्या पातेल्यात कोण मीठ टाकतं? तर सात दिवस सुईला सुट्टी. उपवास म्हणजे मी उपाशी राहायचे असं मात्र कोणी समजू नये. सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी रताळ्याचा कीस आणि दोन केळी, संध्याकाळी वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी. इतर दिवशी मी त्याच्या निम्मं खायचे.

डॉक्टरांनी विचारलं, "एव्हरी डे?" स्मिताने विचारलं, "रोज घेता ना?" मी म्हटलं, "रोज." खोटं बोलले नाही. तुम्ही रोज जेवता का असं विचारलं तर माणूस हो म्हणतो, उपवास वजा करून सांगत नाही.

स्मिता कामाची बाई. तिने फ्रिजवर कागद लावला आणि रोज सकाळी ऑफिसला जायच्या आधी माझं बोट टोचून आकडा लिहायला लागली. दीड महिन्याने ती एका संध्याकाळी कागदासमोर हाताची घडी घालून उभी राहिली, पोलिसांसारखी.

"आई, मंगळवारी सकाळी तुमची शुगर नेहमी वर असते."

"असेल."

"असेल नाही, आहे. दर मंगळवारी. सोमवारी माझी मीटिंग असते, मी उशिरा येते. तेव्हा तुम्ही काय खाता?"

"वऱ्याचे तांदूळ."

"आणि?"

"आणि आमटी."

"आणि गोड काय खाता ते विचारतेय मी."

मी जन्मात कोणाचं चोरून खाल्लं नव्हतं. मी तिला तसं सांगितलं, आणि आणखी दोन शब्द सांगितले ते इथे लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी घरातला गूळ नाहीसा झाला. मग साखर. मग रियाची चॉकलेटं. साखर तिने इतकी नीट लपवली की ऑफिसातल्या मैत्रिणी चहाला आल्या तेव्हा तिची तिलाच सापडली नाही, आणि त्या बायका बिनसाखरेचा चहा पिऊन "व्हेरी हेल्दी" म्हणत गेल्या. मी हसले. त्यामुळे संशय आणखी वाढला. रिया माझा वास घ्यायची. "आजी, ओपन युअर माउथ," म्हणायची. या वयात नातीला तोंड उघडून दाखवायचं.

डॉक्टरांनी आकडे बघितले आणि चौदाचे अठरा केले. महिन्याने अठराचे बावीस. त्यांची काय चूक? त्यांना वाटलं बाई रोज घेते आणि पुरत नाही. मी आपली सहा दिवस बावीस घ्यायचे आणि सोमवारी सुट्टी.

एका रविवारी सकाळी मी घावन घालत होते. एसी चालू, तरी पाठीवरून घामाच्या धारा. हात असा थरथरायला लागला की घावनाला भोकं पडायच्या ऐवजी ते तव्याबाहेरच पडलं. मला वाटलं आता गेले. वाईट वाटण्याइतकी शुद्ध नव्हती, फक्त गॅस बंद करायला पाहिजे एवढं आठवलं. स्मिताने बोट टोचलं तर अठ्ठावन्न. तिनेच तोंडाला ज्यूसचा डबा लावला. पंधरा मिनिटांनी मी माणसांत आले आणि विचारलं, "तव्यावरचं जळलं का?" तेव्हा संजू रडायला लागला. मोठा दाढीवाला माणूस. मला ते मुळीच आवडलं नाही.

त्या संध्याकाळी त्याने निकाल दिला. "आई, तू गावी दादाकडे जा. एक दिवस अडीचशे, एक दिवस अठ्ठावन्न. आम्ही दोघं कामावर. तू चोरून खातेस, मग घाबरून काय करतेस कोण जाणे. तिथे वहिनी चोवीस तास घरात असते."

"मी काही खात नाही."

"खलास, आई. मी तिकीट काढलंय. महाशिवरात्र झाली की."

मोठ्या सुनेबद्दल माझी तक्रार नाही. चांगली आहे. इतकी चांगली की मला काडी उचलू देत नाही. त्या घरात मी खुर्चीवर फोटोसारखी बसते, फक्त हार घालायचा बाकी. इथे माझी चूल होती, म्हणजे गॅस होता. संध्याकाळी चालायला खाडीकाठ होता. शेजारी अमिनाबी होती. आणि जायचं ते चोर म्हणून जायचं? गावात विमानाच्या आधी बातमी पोचली असती की म्हातारी लाडू चोरते म्हणून परत पाठवली.

अमिनाबी समोरच्या फ्लॅटमधली, दापोलीकडची, माझ्याच वयाची, माझ्याच डॉक्टरांची, माझंच इन्शुलिन घेणारी. मला ताई म्हणायची. मासळी कुठली ताजी हे ती डोळे मिटून वासावर सांगायची. रमजान आठ-दहा दिवसांवर आला होता. एका सकाळी ती म्हणाली, "ताई, चल माझ्यासंगती. क्लिनिकात रोज्याचा वर्ग आहे, शुगरवाल्यांसाठी."

"मला काय करायचंय? मी कुठे रोजा धरते?"

"खजूर वाटतात."

"मला चालतात का खजूर?"

"तुला नाय चालत. मला पण नाय चालत. घरी आणायला तर चालतात! चल."

वर्गात वीसेक बायका होत्या. सिस्टर शीबा पुढे उभी. तिच्या मागे भिंतीवर माणसाच्या पोटाचं चित्र. एका पठाणी बाईने विचारलं, रोजा असेल तर हे लंबा वाला इन्शुलिन बंद ना? मी मनात म्हटलं, बंदच, हे काय विचारायचं. तर शीबा म्हणाली, "बिलकुल बंद नहीं."

आणि मग तिने जे सांगितलं ते मी तुम्हाला माझ्या शब्दांत सांगते. आपण जेवलो नाही तरी अंगात साखर येतच असते. आपलं यकृत ती साठवून ठेवतं आणि दिवसरात्र थोडी थोडी सोडतं, नाहीतर झोपलेला माणूस सकाळी उठलाच नसता. निरोगी माणसाच्या पोटातलं इन्शुलिन त्या साखरेला पुरं पडतं. आपलं पडत नाही. त्यासाठी हे लांब पल्ल्याचं. टोचलं की ते कातडीखाली बसून राहतं आणि चोवीस तास एकसारखं झिरपतं. जेवणाशी त्याचा संबंध नाही. जेवणानंतर जी साखर उसळते तिच्यासाठी वेगळं, झटपट काम करणारं इन्शुलिन असतं, ते ज्याला लागतं त्याला देतात. एकीने लगेच विचारलं, बिर्याणी जास्त झाली तर याचे चार युनिट जास्त घेऊ? शीबा म्हणाली, "नहीं अम्मा, ये बिर्याणी के लिए नहीं है. बिर्याणी आज खाओगी, ये कल सुबह गिराएगा."

मग ती म्हणाली, तुमच्या घरात दिवसभर कोणी नसतं म्हणून ऑगस्टमध्ये एसी बंद करून जाता का? बायका हसल्या. कोण करेल? भिंती तापतात. संध्याकाळी मग कितीही जोरात लावा, घर रात्रीपर्यंत थंड होत नाही. "बस, वही बात," शीबा म्हणाली. "हल्का चालू रखना है. रोज़े में डॉक्टर थोडा कम करेगा, टाइम इफ्तार का कर देगा. मगर डॉक्टर करेगा, आप नहीं."

माझ्या कानात टक टक वाजायला लागलं. मंगळवारी तापलेल्या भिंती मला दिसल्या. फ्रिजवरचा कागद दिसला. मी हात वर केला. चौथीनंतर पहिल्यांदा.

"सिस्टर, मेरे पहचान की एक औरत है. वो उपवास को सुई नहीं लेती."

"कितना उपवास करती है?"

"महीने का सात."

"डॉक्टर को बताया?"

"नहीं. डॉक्टर उसका बढ़ाता है. चौदा का बाईस किया."

शीबाने हातातला खडू खाली ठेवला. "अम्मा, ये तो बहुत खतरनाक है. जिस दिन नहीं लेती उस दिन ऊपर. डॉक्टर समझेगा कम पड़ता है, बढ़ाएगा. फिर जब रोज लेगी तो नीचे गिरेगी. किसी दिन उठेगी नहीं. कौन है वो औरत?"

"है एक. हमारे बिल्डिंग में."

अमिनाबी शेजारी बसली होती. ती मला कोपराने ढोसत सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तिसरा मजला. यहीच है."

बायका एवढ्या हसल्या की पोटाचं चित्र हललं. शीबा हसली नाही. ती म्हणाली, आज सात वाजायच्या आत डॉक्टरांना सांगायचं, नाहीतर मी तुमच्या मुलाला फोन करते.

अमिनाबीने खजूर घेतले आणि आम्ही चालत निघालो. मी तिला म्हटलं, नाही सांगितलं तर? उद्यापासून रोज घेते, कोणाला कळणार नाही. "बावीस घेशील रोज?" ती म्हणाली. "मग तिकीट कॅन्सल कर, वर जायला विमान लागत नाय." तिचं बोलणं असंच. म्हणून ती मला आवडायची.

मीच संजूला फोन केला. तो वर्कशॉपमधून तडक आला, स्मिता ऑफिसातून आली. डॉक्टरांच्या खोलीत चौघे बसलो. मी मराठीत सांगितलं, स्मिताने इंग्रजीत. सांगता सांगता तिचं इंग्रजी थांबलं. तिने माझ्याकडे वळून विचारलं, "म्हणजे दर सोमवारी? म्हणून मंगळवारी?"

"म्हणून मंगळवारी."

"आणि मी साखर वॉशिंग मशीनच्या मागे लपवली!"

"तिथे होती का? मला वाटलं रियाच्या कपाटात."

डॉक्टरांनी डोकं धरलं, मग माझे सगळे आकडे पुन्हा बघितले आणि बावीसचे सरळ चौदावर आणले. उपवासाच्या दिवशी किती, ते वेगळं लिहून दिलं, आणि काय खायचं तेही. साबुदाण्यावर त्यांनी इंग्रजीत जे म्हटलं ते स्मिताने भाषांतर करायचं टाळलं. संजू मात्र माझ्याकडे बघत राहिला होता. "आई, तीन महिने आम्ही तुला चोर म्हणत होतो. तू एकदाही म्हणाली नाहीस की मी सुई सोडते म्हणून?"

"चोर म्हटलेलं मी सोसलं," मी म्हटलं. "अडाणी म्हटलेलं सोसलं नसतं."

हे मी तेव्हा कसं बोलले मला माहीत नाही. माझं वाढणं त्या वाक्यात झालं असं मला आता वाटतं.

घरी आल्यावर तिकिटाची गोष्ट निघाली. संजू लगेच रद्द करायला निघाला होता. स्मिता म्हणाली, थांब. तिचं म्हणणं असं की आईंनी कबूल करावं, उपवासाच्या दिवशीही सुई घेईन. मी म्हटलं, डॉक्टरांचं ऐकते, पण देवाचं काय? अमिनाबीने तिच्या मौलवींना विचारून घेतलं होतं, सुईने रोजा मोडत नाही. माझ्या बाजूने कोणी विचारलं होतं? मी भटजींना विचारल्याशिवाय शब्द देणार नाही. "आणि ते नको म्हणाले तर?" स्मिता म्हणाली. मी देवाजवळची वात सारखी केली. ती म्हणाली, "मग आई, तिकीट राहू दे. मी दर सोमवारी ऑफिसात बसून तुमची काळजी करू शकत नाही." ती बरोबर बोलत होती, म्हणून मला जास्त राग आला.

गावच्या भटजींना फोन लावला. स्मिताने स्पीकर चालू केला. भटजी आमच्याच वयाचे, माझ्या लग्नातही तेच होते. मी सगळं सांगितलं. पलीकडे झोपाळा करकरायचा थांबला. मग ते खाकरले.

"वहिनी, तुमचं पेन जांभळं की निळं?"

"जांभळं. का?"

"माझंही जांभळंच आहे."

"म्हणजे तुम्हालाही?"

"चार वर्षं झाली. दिवाळीत दोनदा चक्कर येऊन पडलो. डॉक्टर वाढवतोय आणि मी पडतोय."

"आणि एकादशीला काय करता?"

"सुट्टी देतो," भटजी म्हणाले. "एकादशीला, प्रदोषाला, आणि श्राद्धाचं जेवायला जायचं असलं की आदल्या दिवशी, पोट रिकामं ठेवतो तेव्हा."

संजूने तोंडावर उशी धरली. स्मिता माझ्याकडे बघत होती. मला एकदम भटजींची भीती वाटली, म्हणजे त्यांच्यासाठी. मी एसीचं सांगायला सुरुवात केली आणि लक्षात आलं, त्यांच्या घरात पंखासुद्धा झोपाळ्यापेक्षा हळू फिरतो. एसी काय कळणार?

"भटजी, तुमची पोफळीची बाग आहे ना?"

"आहे."

"झाडावर सुपारी नाही म्हणून शिंपणं बंद करता?"

"छे! झाड मरेल. रोज शिंपायला लागतं."

"मग हे इन्शुलिन शिंपणं आहे. सुपारीचा संबंध नाही. जेवा, नका जेवू, रोज लागतं. आणि फळ जास्त आलं म्हणून एका दिवसात चार दिवसांचं पाणी ओतलंत तरी मुळं कुजतात. उद्या सकाळी डॉक्टरकडे जा, चार वर्षांच्या सगळ्या सुट्ट्या सांगा. त्यांना न सांगता उगीच रोजचं चालू करू नका, तुमचा आकडा खोट्या हिशेबावर वाढलाय, पडाल. कळलं?"

"कळलं," भटजी हळूच म्हणाले. "उपवास मोडत नाही मग?"

"ते मी तुम्हाला विचारायला फोन केला होता!"

"नाही हो मोडत. देव औषधाला कधी नको म्हणत नाही. मीच आपला—" मग म्हणाले, "वहिनी, तुम्ही येताय ना महाशिवरात्रीनंतर? संजू बोलला होता. समोर बसून हे सगळं एकदा नीट सांगा. आमच्या हिलाही सांगा. इथे आणखी चौघं आहेत पेनवाले."

मी काय बोलणार होते ते मला आठवत नाही, कारण स्मिताने फोन माझ्या हातातून घेतला.

"काका, त्या येणार नाहीत," ती म्हणाली. "तुम्ही त्यांना इथेच फोन करा. इथल्या सातनंतर. सातला त्यांची सुई असते."